सतरावा प्रश्न

श्रेयाने सतरावा प्रश्न वाचला तेव्हा किर्ती नवऱ्याच्या, निलेशच्या, पोहायच्या चड्डीची घडी घालत होती. श्रेया पलंगावर पालथी पडून, तळपाय हवेत हलवत, मोबाइलवर स्कूबा डायव्हिंगचा फॉर्म भरत होती. इंग्रजी प्रश्न मनातल्या मनात फिरवून ती मराठीत मोठ्याने वाचायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची, भेंड्या खेळाव्यात तसं. "दमा? नाही. कानाचं ऑपरेशन? नाही. तुम्ही गरोदर आहात का?" इथे ती इतकी हसली की हॉलमधून आजीचा आवाज आला, "काय गो, काय झाला?" "काही नाही आजी, मला बाळ होतंय का विचारतायत!" "मेल्यांका लाज नाय ती!" आणि त्याच हसऱ्या लयीत, मध्ये श्वास न घेता, श्रेया पुढे म्हणाली, "फिट, आकडी, शुद्ध जाणं, आयुष्यात कधीही, एकदा जरी, नाही." अठरावा प्रश्न पाठीच्या दुखण्याचा होता. तो किर्तीला ऐकूच आला नाही. घडी घातलेली चड्डी तिने उलगडली आणि परत पहिल्यापासून घडी घालायला घेतली.

"आई, खाली पालकांची सही हवी. बोटानेच करायची. घे."

"ठेव तिथे. हात ओले आहेत माझे."

"घड्या घालतेयस आणि हात ओले?"

"श्रेया, ठेव म्हटलं ना."

श्रेयाने मोबाइल उशीवर ठेवला आणि गुणगुणत बाहेर गेली. काचेवर एक रिकामी चौकट उजळलेली राहिली. वर दिलेली माहिती खरी आहे, असं तिच्या डोक्यावर लिहिलं होतं. किर्ती बघत राहिली तोवर काच काळी झाली.

नऊ दिवसांनी ते अंदमानला निघणार होते. निलेश एका ऑफिसातली कॉम्प्युटरं सांभाळतो, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट तक्त्यात लागते, आणि तीन महिने या घरात तो तक्ता पाचव्या माणसासारखा जेवायला बसत होता. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, जेलचा लाइट शो. दुसरा दिवस बोटीने हॅवलॉक. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला समुद्राच्या तळाशी, बारा मीटर, श्रेया आणि निलेश. त्या ओळीत किर्तीच्या नावापुढे लिहिलं होतं, काठावर, फोटो. "शीव कोळीवाड्याची पोर तू," निलेश म्हणायचा, "तुझा बाप पाण्यावर जगला, आणि तू काठावर? हा डिलाईल रोडचा माणूस खाली जाणार आणि कोळीण वर छत्री घेऊन बसणार." तिच्या भित्रेपणावर घर असं मायेने हसायचं. मग तिला काम हवं म्हणून त्याने तक्त्यात एक रकाना उघडून दिला होता: सेफ्टी. किर्तीने तो भक्तीने भरला होता. उलटीच्या गोळ्या. ओआरएस. जेलीफिश डसली तर व्हिनेगर. प्रवाळावर पाय कापला तर लावायचं मलम. मगरीची पाटी असेल त्या किनाऱ्यावर कुणी उतरायचं नाही. लाल बावटा असेल तर गुडघ्याच्या वर पाणी नाही. आत ओढणारी लाट लागली तर तिच्याशी झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. एकेक भीती रकान्यात बसवली की ती शहाण्या मुलीसारखी बसून राहायची, आणि सगळ्या अशा रांगेत बसलेल्या बघून किर्तीला रात्री झोप लागायची. एकीला मात्र तिने आत बोलावलंच नव्हतं. ती दाराबाहेर उभी होती, दहा वर्षं, आणि आज तिने कडी वाजवली होती.

खरं तर हा प्रश्न किर्ती दिवसाला चाळीसदा विचारते. दादरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसते. शुगर आहे? बीपी? रक्त पातळ करायची गोळी? फिट येतात? ऑपरेशनआधी हे सगळं कागदावर उतरावं लागतं. सतरा वर्षांत तिला खोटं ओळखायला यायला लागलंय. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत नाही म्हणतो. नजर काउंटरच्या फळीवर पडते, तिथे पाल बसली असावी अशी. अशा वेळी किर्ती पेन खाली ठेवते आणि हळूच म्हणते, "काका, डॉक्टर ओरडत नाहीत हो. पण टेबलावर झोपल्यावर कळलं तर तुमचाच जीव जाईल." मग बहुतेक जण सांगतात. बायका जरा जास्त वेळ घेतात. त्यांना आधी सोबतच्या माणसाला लांब बसवायला लागतं. त्या बायकांचा किर्तीला कधी राग आला नाही, कशाला येईल?

तेव्हा श्रेया सहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी म्हणून किर्ती तिला घेऊन माहेरी, आयकडे, शीव कोळीवाड्यात आली होती. दुपार होती. आय, म्हणजे गुणवंती, बाजार आटपून येऊन कोलंबी सोलत बसली होती, आणि श्रेया उंबऱ्यात बसून कोलंबीच्या मिशा मोजत होती. "आये, हिला किती मिशा!" एवढंच ती म्हणाली. मग तिची मान एका बाजूला वळली, कुणीतरी हाक मारल्यासारखी, आणि ती वळतच राहिली. डोळे पांढरे. दात घट्ट. एक चिमुकली मूठ लादीवर आपटत होती, टक टक टक, लादीच्या खालून कुणी वर यायला बघत असावं तशी. किर्ती किंचाळली की नाही हे तिला आठवत नाही. तिला आठवतं ते हे की आयने आधी दार लावलं. खवल्यांच्या हातांनी कडी घातली, खिडकी ओढली, आणि मग ती पोरीकडे धावली. कांदा फोडून नाकाशी धरला. विळीचं पातं मुठीत दाबलं, लोखंड लागतं म्हणून. पोर शांत झाली, ओली झाली, झोपली. आय तिचे तळवे चोळत राहिली आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत राहिली, होडी उशिरा येते तेव्हा बायका धक्क्यावर बसून पुटपुटतात तसलं,

दर्या रे दादा, तुझ्या पान्याला नाय थारा
माज्या लेकीच्या लेकीला नको लागू देऊ वारा

आणि ओवी संपायच्या आत, त्याच सुरात, मान वर न करता म्हणाली, "जावयाला सांगू नको गो बाय."

"आय, बाप आहे तो तिचा."

"बाप हाय. पन त्याची आय पन हाय. कोल्याच्या रक्तातला हाय म्हनतील. तुला कसा घरात घेतला इसरलीस? आनि उद्या पोरीला स्थल येल तवा? पोरीच्या अंगाला असा नाव लागला का समिंद्राच्या पान्यानी पन धुवून जात नाय."

किर्ती विसरली नव्हती. शांताबाईंनी, निलेशच्या आईने, लग्नाला होकार दिला तो दोन वर्षं बोलणं टाकून मग. पहिल्या गणपतीला मोदकांच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. आता सगळं निवलं होतं, शांताबाई आता तिच्या हातचं कालवण मागून खायच्या. पण निवलेल्या चुलीत बोट कोण घालतं? गुपचूप दाखवलेल्या डॉक्टरांचं औषध दोन वर्षं चाललं. गुलाबी, गोड, रोज संध्याकाळी दोन चमचे. किर्तीने बाटलीचा कागद पाण्यात भिजवून काढला होता आणि घरात सांगितलं होतं, भुकेचं टॉनिक. मग ते थांबवलं. आकडी परत आली नाही. आय चार वर्षांपूर्वी गेली. दोघींत होतं तोवर ते गुपित होतं, दोन बायकांनी दोन टोकांनी धरलेल्या जाळ्यासारखं. आय गेल्यावर दुसरं टोक सुटलं आणि सगळं ओझं किर्तीच्या हाताशी येऊन लोंबायला लागलं.

"व्हिनेगर राहिलंय," असं सांगून ती खाली उतरली. दुकान समोरच होतं, पण ती चालत सुटली. रविवारच्या उन्हात डिलाईल रोड सुस्तावला होता. उरलेल्या चाळींच्या गॅलऱ्यांत चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या मागून नव्या इमारती, त्यांच्या इमारतीसारख्याच, मान काढून बघत होत्या. चालता चालता तिला उपाय सुचत होते. फॉर्म पुसून टाकावा. निलेशला सही करू द्यावी, म्हणजे खोटं तिच्या बोटाचं राहणार नाही. श्रेयाला त्या दिवशी ताप यावा. साधा, दोन दिवसांचा. वादळाचा इशारा यावा आणि बोटी बंद व्हाव्यात. आपल्याच पोरीच्या सुट्टीवर वादळ मागणारी बाई कुणी बघितली आहे का, तिने स्वतःला विचारलं, आणि लालबागच्या मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी, मिरच्यांच्या खकाण्यात उभं राहून, तिने फॉर्मवरचा नंबर लावला.

"बोलिए मॅडम!" पलीकडचा माणूस ओरडून बोलत होता. त्याच्या मागे लाटांचा आवाज होता, खरा, ओला, इथल्या रस्त्यावर सांडेल असा.

"एक पूछना था. मेरे सहेली की बेटी है. उसको बचपन में एक बार फिट आया था. एक ही बार. दस साल हो गए."

"तो नहीं, मॅडम."

"एक ही बार..."

"मॅडम, सुनिए. ऊपर झटका आया तो आदमी गिरता है, कोई उठाता है. नीचे आया तो मुंह से नली छूटती है, और आदमी पानी की सांस लेता है. मैं पकडूंगा भी तो एकदम से ऊपर नहीं ला सकता, फेफडा फटेगा. आपकी सहेली को बोलिए, बेबी को कांचवाली नाव में बिठाए. मछली वही दिखती है." तो हसला, मायाळूपणे. "बुकिंग में है क्या बेबी? नाम बताइए, मैं काट देता हूं."

किर्तीने फोन बंद केला. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं होतं, लोकांना तसंच वाटलं असतं. पानी की सांस. ती व्हिनेगर न घेताच परत फिरली. येताना सगळा रस्ता पाण्याखाली होता. हिरव्या उजेडात माणसं हळूहळू हातपाय मारत होती, टॅक्सी तळाशी रुतल्या होत्या, आणि बारा मीटरवर, म्हणजे त्यांच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीएवढ्या खोलीवर, निळ्या कपड्यातली एक पोर कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवत होती.

घरी शांताबाईंनी नारळ काढून ठेवला होता. पुढच्या रविवारी अवस, म्हणून प्रवासाचं गाऱ्हाणं आजच. सासऱ्यांच्या, कुशाबांच्या, फोटोखाली पाट मांडला होता, विड्याच्या पानांवर सुपारी. गाऱ्हाणं पूर्वी कुशाबा घालायचे. गिरणीतून आलेला माणूस देवाशी मुकादमाशी बोलावं तसा रोखठोक बोलायचा. ते गेल्यावर शांताबाईंनी ते काम कुणाला न विचारता हातात घेतलं. "येवा रे सगळी. श्रेया, मोबाइल ठेव. देव काय मेसेज वाचणा नाय." निलेश हसत येऊन उभा राहिला. किर्ती त्याच्या मागे.

"बा देवा म्हाराजा," शांताबाईंचा आवाज एरवीपेक्षा खोल गेला, विहिरीत घागर उतरावी तसा. "आज ह्या घरातली तीन माणसां, निलेश, किर्ती आणि माझी नात श्रेया, समिंदराच्या पल्याड बेटार चलली हत. तेंका जशी नेशीत तशी परत हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"वाटेत वळणात, पाण्यात वाऱ्यात, काय आडवा इला, तर ता डाव्याचा उजव्या कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या घरात कोणाच्या हातसून काय चुकला माकला असात, कोणी काय लपयला झाकला असात, तर ता पोटात घाल, आणि पोरांका सुखी ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," निलेश म्हणाला.

शांताबाई थांबल्या. नारळ हातात तसाच. "माका एकच होय ऐकाक इलो. गाऱ्हाण्यात एकाचो जरी होय ऱ्हवलो तर ता अर्ध्या वाटेत ऱ्हवता. किर्ती?"

"होय म्हाराजा," किर्ती म्हणाली. तिच्या तोंडात आवाज दुसऱ्याच कुठल्या बाईचा होता.

"आणि तू गो?"

किर्तीने वळून बघितलं. श्रेयाही गप्प राहिली होती. तिची नजर लादीवर होती, पाटाच्या कडेला, आणि हलत नव्हती. "होय म्हाराजा," ती पुटपुटली, आजीचा प्रश्न संपायच्या आत.  ही नजर किर्तीला माहीत होती. सतरा वर्षं काउंटरच्या फळीवर तिने ती पडताना बघितली होती. दुपारचं ते नाहीसुद्धा, मध्ये श्वास न घेता म्हटलेलं. दुपारी ते तिला अजाणपणाचं वाटलं होतं. आपल्या भीतीच्या आवाजात तिला पोरीचा आवाज ऐकूच आला नव्हता.

नारळ फुटला. निलेशने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. किर्ती श्रेयाच्या मागोमाग खोलीत गेली आणि तिने दार लोटलं. मग तिला आयचे खवल्यांचे हात आठवले, आणि तिने ते दार परत उघडं केलं. पलंगावर बसून, पोरीकडे न बघता, तिने सगळं सांगितलं. उंबरा, कोलंबी, मूठ, कांदा, गुलाबी औषध. सांगायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दहा वर्षं एवढीशीच होती.

श्रेयाने उशी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "म्हणजे ते तेव्हापासूनचं आहे?"

"काय?"

"सकाळी हात उडतो माझा. ब्रश करताना. कुणी धक्का मारल्यासारखा. परवा कप फुटला ना, तो मी मुद्दाम नाही..." ती नखाने चादर कुरतडत होती. "आणि एकदा कॉलेजच्या लायब्ररीत. मी पान उलटत होते, आणि मग सगळ्या मुली माझ्याभोवती उभ्या होत्या. मधलं काहीच नाही. मला वाटलं झोप लागली असेल."

"कधीपासून?"

"जुलै."

"चार महिने? आणि सांगितलं नाहीस?"

"तू घाबरली असतीस. ट्रिप कॅन्सल केली असतीस." मग तिने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते किर्तीला रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. "आई, तुला माहीत होतं. तरी मघाशी मी नाही म्हटलं तेव्हा तू गप्प बसलीस. तू सही करणार होतीस?"

"नाही."

"नक्की?"

किर्तीने पोरीच्या नखाखालची चुरगळलेली चादर हाताने सरळ केली.  

ती उठली आणि हॉलमध्ये गेली. निलेश तक्ता उघडून बसला होता, शांताबाई खोबरं किसत होत्या. किर्ती उभ्यानेच बोलली. या वेळी आणखी कमी शब्द लागले. किसणीचा आवाज मध्येच थांबला. निलेशने लॅपटॉप मिटला, इतक्या हळू, की त्याने आपटला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"ता गुलाबी औषध?" शांताबाई म्हणाल्या. "मी सगळ्या शेजाऱ्यांका सांगत होतंय, माझ्या नातीक टॉनिकान भूक लागता म्हणान." त्यांचा हात किसणीवरच होता. "माका भितंस एवढी? मी पोरीक काय खिडकेतसून टाकतलंय?"

"दहा वर्षं," निलेश म्हणाला. एवढंच. मग कामाच्या माणसासारखा त्याने कागद ओढला, पेन उघडलं.  "उद्या सकाळी डॉक्टर. स्कूबा-बिबा राहू दे, अंदमान राहू दे. जुने कागद लागतील त्यांना. कुठे आहेत?"

"नाहीत. आयने निर्माल्यात घालून सोडले."

"मग दवाखाना सांग. त्यांच्याकडे नोंद असेल."

"भायखळ्याला. भाजी मार्केटच्या मागे, पहिला मजला. दोन वर्षं जात होतो. ते ठेवतात सगळं, मी बघितलंय, लोखंडी कपाटं आहेत." ती भराभर बोलत होती, जणू पत्ता नीट सांगितला तर बाकीचं माफ होईल. आयने मुद्दाम लांबचा दवाखाना निवडला होता, शीवचा नको, परळचा नको. जिन्याला ओलीचा वास होता. काउंटरवर एक जाडी बाई बसली होती आणि तिने पेन उघडून पहिला प्रश्न विचारला होता.

निलेशने पत्ता लिहून घेतला. "आणि नोंद श्रेयाच्याच नावावर ना? श्रेया निलेश?"

 काउंटरमागच्या त्या बाईचा चेहरा किर्तीला दिसला, वाट बघणारा. पदराखालून आयचं कोपर तिच्या बरगडीत रुतलं होतं, आणि तिच्या तोंडून जे पहिलं खोटं नाव आलं ते तिने सांगितलं होतं. दोन वर्षं जिन्यावरच्या त्या खोलीत त्याच नावाने पुकारा व्हायचा. आय पोरीला सांगायची, तुझा नंबर आला, चल.

"किर्ती, नाव काय दिलंस?"

"मनवा," ती म्हणाली. "मनवा महादेव."

श्रेया खोलीच्या दारात येऊन उभी होती. कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. तिने आईकडे बघितलं, मग बापाच्या हातातल्या, नाव लिहायचं थांबलेल्या कागदाकडे.

"मनवा कोण?" तिने विचारलं.